उतारवयातील सुईदोरा

नवरात्राला आठ-दहा दिवस उरले म्हणजे कोल्हापूर, कागल, निपाणी या पट्ट्यातील नद्यांचे काठ अंथरूण-पांघरुणांनी भरून जातात. घटस्थापनेपूर्वी घरातील झाडून सारे कपडे धुऊन काढावेत, ही या भागातील जुनी रीत आहे. त्या धुण्यातील सर्वांत जड आणि बहुधा सर्वांत जुनी वस्तू म्हणजे वाकळ. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून ती पिळावी लागते. उन्हात पसरलेली वाकळ निरखून पाहिली, तर तिच्यात त्या घरातल्या दोन-तीन पिढ्यांची लुगडी, धोतरे आणि चोळीचे खण शेजारी शेजारी बसलेले दिसतात. ही वाकळ शिवली कोणी, असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते : घरातल्या म्हाताऱ्या माणसाने.

पुण्याहून बेंगळूरकडे जाणारा हमरस्ता कागलजवळ दूधगंगा ओलांडून कर्नाटकात शिरतो. तेथून निपाणीकडे जाताना लागणारे गाव म्हणजे कोगनोळी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले. या घटनेने शाळेचा, कचेरीचा आणि भाषेचा जो प्रश्न निर्माण झाला, तो सीमाभागातील माणसाला चांगलाच ठाऊक आहे. पांघरुणाला मात्र ही सीमा ठाऊक नाही. मराठी घरात जिला वाकळ म्हणतात, तिलाच कन्नड घरात कौदी म्हणतात. अन्यत्र तीच गोधडी होते. नावे तीन, पण जुने कापड एकावर एक पसरून धावदोऱ्याने बांधून टाकण्याची रीत एकच.

इतिहासात सुईदोऱ्याचा उल्लेख येतो तो प्रायः दोन प्रसंगी. एक, शाळेत जाणाऱ्या मुलीचे शिक्षण म्हणून. आणि दुसरा, निराधार स्त्रीच्या चरितार्थाचे साधन म्हणून. तिसरा प्रसंग या दोहोंपेक्षा कमी महत्त्वाचा नाही, पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही. संसाराचा भार पुढच्या पिढीकडे गेल्यावर, दुपारच्या निवांत वेळी, ओसरीच्या उजेडात बसून कोणाच्याही सांगण्यावाचून केलेले शिवण, हा तो तिसरा प्रसंग. त्यातला आनंद हा साधा आनंद आहे आणि साध्या आनंदाची बखर कोणी लिहीत नाही. म्हणून या गोष्टीचा मागोवा जिथे जिथे तो लागतो तिथून घेतला पाहिजे.

प्रथम त्या कामाकडेच पाहू. नऊवारी लुगड्याच्या लांबीच्या चार घड्या घातल्या, की माणसाच्या उंचीइतका चार पदरी थर तयार होतो; चौघडी हा शब्द अशाच चार पदरांवरून आलेला आहे. खाली एक धड लुगडे अंथरायचे, त्यावर विरलेल्या कपड्यांचे तुकडे खळगा न राहील असे मांडायचे, वर पुन्हा बऱ्या कापडाचा पदर घ्यायचा आणि कच्च्या टाक्यांनी सारे थर जागच्या जागी धरून ठेवायचे. मग काठ आत मुडपून कडेकडेने धावदोरा सुरू होतो. एक फेरा संपला की बोटभर अंतर सोडून आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. असे चौकोन लहान होत होत मध्यावर येऊन मिळतात. टाका जितका जवळ, तितकी वाकळ टिकाऊ. यात मापाची पट्टी लागत नाही, छापलेला नमुना लागत नाही आणि विकत आणावा लागतो तो केवळ दोरा. कापड फुकटचे, म्हणजे आधीच वापरून झालेले. तान्ह्या बाळाचे दुपटे तर मुद्दाम जुन्याच कापडाचे करतात, कारण अनेक धुण्यांनी मऊ झालेले सूत कोवळ्या अंगाला बोचत नाही.

हे काम वृद्धेकडेच का आले, याचे कारण घराच्या व्यवहारात आहे. सून शेतावर किंवा कामावर, मुले शाळेत. घर सांभाळायला मागे राहते ती आजी. भांगलण तिच्या कमरेला झेपत नाही, पाण्याची घागर तिच्या डोक्यावर राहत नाही. बसून करण्याजोगी, केव्हाही थांबवता येण्याजोगी आणि पुन्हा जिथल्या तिथे सुरू करता येण्याजोगी कामे तिच्या वाट्याला येतात. वाकळ ही अशा कामांची राणी होय. तिच्या जोडीला आणखीही लहानसहान कामे असतात. धान्य निवडणे, चातुर्मासात लाख वातींचा नेम धरून कापसाच्या वाती वळणे, नातवंडांसाठी कुंची किंवा टोपडे शिवणे, पानसुपारीची चंची शिवणे, ही सारी त्याच कुळातली. कामही होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणेही होते.

एक अडचण मात्र ठरलेली. मराठीत चष्म्याला चाळिशी म्हणतात, आणि हा शब्दच सांगतो की जवळचे अंधुक दिसू लागण्याचे वय लोकांनी नेमके हेरले होते. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा प्रचारात आला. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ काळ गरीब घरातल्या वृद्धेने तो डोळ्यांवर चढवला नाही. तिने काढलेला मार्ग साधा होता. ओसरीवर खेळणाऱ्या नातवाला हाक मारायची आणि त्याच्याकडून पाच-सहा सुयांत दोरे ओवून घ्यायचे. टाका पुढे बोटांच्या सवयीनेच पडतो. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवून देणे ही अनेकांच्या आयुष्यातली पहिली सेवा असेल.

या पट्ट्यातच सुईची दुसरी एक थोर परंपरा आहे, ती धारवाड आणि त्याच्या आसपासच्या कसुतीची. इरकली लुगड्यावर, विशेषतः चंद्रकळेच्या काळ्या पोतावर, गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन अशा आकृती कापडावर न आखता केवळ उभे-आडवे धागे मोजून भरतात. तिचे चार टाके प्रसिद्ध आहेत : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. नेगी विणीसारखा भासतो. मेंथी हा फुलीचा टाका. कसुतीला तीक्ष्ण नजर लागते, वाकळीला धीर लागतो. एक लग्नाच्या लुगड्यासाठी, दुसरी रोजच्या झोपेसाठी. म्हणून कसुतीला कौतुक मिळाले आणि पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. वाकळीच्या वाट्याला मात्र वापर आला. वस्तुसंग्रहालयात जुन्या वाकळी क्वचितच आढळतात, याचे कारण उघड आहे. वाकळ फाटली की तिच्यावर ठिगळ बसते, ठिगळही गेले की तिचे पायपुसणे होते, आणि शेवटी पोतेरे. जी वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत कामी येते, ती इतिहासासाठी मागे उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात सुईदोरा घराबाहेर पडून शाळेत गेला. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. अशा मिशनरी शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवणही शिकवीत, आणि मुलीला शाळेत पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांना निदान हे शिक्षण तरी उपयोगाचे वाटे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन सुरू केले, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करणारे अनेक उद्योग शिकविले गेले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. तेथील शिवणाच्या वर्गांनी कित्येक विधवांना चार पैसे मिळवून दिले. या संस्थांचे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या साऱ्या प्रयत्नांत सुईदोरा हे साधन होते आणि साध्य होते स्वावलंबन. जिला आता काहीही मिळवायचे नाही, तिच्या हातातल्या सुईचा विचार तेव्हा कोणी केला नाही, आणि त्या काळाच्या निकडी पाहता तो करण्याजोगी परिस्थितीही नव्हती.

याच सुमारास यंत्र आले. आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिंगरची यंत्रे हिंदुस्थानच्या शहरांत पोहोचली. पुढे कलकत्त्याच्या कारखान्यातून उषा यंत्रे निघू लागली आणि मध्यमवर्गीय घरात शिवणयंत्राला मानाचा कोपरा मिळाला. झबली, परकर, उशांचे अभ्रे यंत्रावर शिवले जाऊ लागले. दिवाणखान्याच्या भिंतीवर फुलीच्या टाक्यातले सुस्वागतम् चौकटीत झळकू लागले, आणि रुखवतात क्रोशाचे रुमाल व मण्यांची तोरणे मांडली जाऊ लागली. परंतु सात-आठ पदरी वाकळ घरगुती यंत्राच्या दाबाखाली नीट सरकत नाही. म्हणून यंत्राच्या युगातही ती हाताचीच राहिली, आणि हात आजीचेच राहिले.

बेळगावच्या इतिहासात सुताला एकदा राजकीय मोलही आले. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन बेळगावास भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. राष्ट्रसभेच्या सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २,००० यार्ड सूत द्यावे, हा नियम तेथे मान्य झाला. वर्षभरातच तो ऐच्छिक करावा लागला, हे खरे. पण त्या नियमामागची कल्पना लक्षात घेण्यासारखी आहे. धनवानाची वर्गणी आणि घरात बसलेल्या वृद्धेची वर्गणी येथे एकाच मापाने मोजली गेली. बेळगाव जिल्ह्यातील हुदली हे गंगाधरराव देशपांडे यांचे गाव. तेथे खादीचे केंद्र उभे राहिले आणि १९३७ साली गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी गांधीजी तेथे राहूनही गेले. ज्या कामाला घरात किरकोळ म्हणत, त्याला देशाच्या कामात जागा मिळू शकते, हे या जिल्ह्याने त्या काळी पाहिले.

बेळगावच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिक ख्रिस्तीही आहेत. तीनही धर्मांच्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. एका कोपऱ्यापासून प्रारंभ करून कडेकडेने त्या आत येतात, आणि कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीचे छोटे तुकडे बसवतात. त्यांना त्या फूल म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी, अपुरी समजली जाते. वास्तविक त्या चार तुकड्यांनी ऊब तिळभरही वाढत नाही. मग ते कशासाठी? याचे उत्तरच या लेखाचा विषय आहे. गरज भागल्यानंतरही हात जे थोडे अधिक करतो, त्यातच करणाऱ्याचा आनंद असतो. दारिद्र्याने कापडाचे तुकडे दिले. फूल मात्र त्या बाईने आपणहून दिले.

अन्य देशांतही हीच कथा निराळ्या वेषात आढळते. इंग्लंडातील मेरी डिलेनी ही उत्तम भरतकाम करणारी स्त्री १७६८ साली विधवा झाली. वयाच्या ७२व्या वर्षाच्या सुमारास तिने रंगीत कागद कातरून फुलांची हुबेहूब चित्रे करण्यास आरंभ केला, आणि दृष्टीने दगा देईपर्यंत, दहाएक वर्षांत, हजाराच्या जवळपास चित्रे पुरी केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अमेरिकेतील ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस ही शेतकऱ्याची पत्नी उतारवयात लोकरीने चित्रे भरीत असे. संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास तिने कुंचला हाती घेतला. १९४० साली न्यूयॉर्कला तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले, आणि ग्रँडमा मोझेस या नावाने कीर्ती पावून १९६१ साली ती वयाच्या १०१व्या वर्षी वारली. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात वापरलेल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवीत आल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांतली रंगसंगती पाहून कलामर्मज्ञ थक्क झाले; २००६ साली त्यांवर टपाल तिकिटेही निघाली. यांपैकी अनेक कारागीर स्त्रिया तोवर वृद्ध झाल्या होत्या.

या कथांवरून कीर्ती हेच फळ, असा समज कोणी करून घेऊ नये. कोगनोळीच्या किंवा निपाणीच्या ओसरीवर बसलेल्या बाईला संग्रहालय नको असते. तिचे फळ निराळे आहे, आणि ते समजण्यासाठी तिचे आयुष्य समजले पाहिजे. निपाणी ही तंबाखूची पेठ. या भागातील हजारो स्त्रियांनी तंबाखूच्या वखारीत धूळ खात दिवस काढले, किंवा घरी बसून विड्या वळल्या. विडीची मजुरी हजारावर मिळते. सकाळी पान कातरण्यापासून सांजेला कट्टे बांधीपर्यंत बोटांची प्रत्येक हालचाल दुसऱ्या कोणाच्या हिशेबात जमा होते. विडी सैल निघाली तर ती बाजूलाही टाकली जाते. अशी तीस-चाळीस वर्षे गेल्यावर जेव्हा ती वाकळ घेऊन बसते, तेव्हा तिचे टाके कोणी मोजत नाही. ते जवळ घालायचे की दूर, तांबड्या तुकड्याशेजारी हिरवा लावायचा की पिवळा, आज चार फेरे घालायचे की सुई ठेवून शेजारणीशी बोलायचे, हे सारे तीच ठरवते. जन्मभर ज्या बोटांवर दुसऱ्यांचा हक्क होता, ती बोटे उतारवयात तिची स्वतःची होतात. या आनंदाला लहान म्हणणे हे त्यामागच्या कष्टांना न ओळखण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप घेता येईल. गरिबीने लादलेल्या कामाला आनंद म्हणणे ही सुखवस्तू माणसाची कल्पना नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. थंडीला पांघरूण हवे आणि विकत घेण्यास पैसा नाही, म्हणूनच वाकळ जन्माला आली. या भागात गावोगाव दुसऱ्यांच्या वाकळी मजुरीने शिवून देणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांना ते पोटाचेच काम आहे. परंतु गरज आणि आनंद ही एकमेकांची वैरी नव्हेत. निव्वळ गरज असती तर तुकडे वाटेल तसे जोडून भागले असते. मधोमध जपून ठेवलेला जरीचा काठ, दिवंगत सासूच्या लुगड्याचा सर्वांना दिसेल असा लावलेला पदर, हे गरजेने सांगितलेले नाही. गरज संपली की आनंदही संपावा असाही नियम नाही. उलट, पोटाची चिंता नसताना केलेले शिवण अधिक मोकळे होते.

विज्ञानानेही अलीकडे या प्रश्नात लक्ष घातले आहे. अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ व्यक्तींवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. काहींना गोधडी शिवण्याचे, काहींना छायाचित्रणाचे, तर काहींना दोन्हींचे शिक्षण आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने देण्यात आले. इतरांनी तेवढाच वेळ गप्पा, सहली किंवा सोप्या सवयीच्या कामांत घालविला. नवे कौशल्य शिकणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत सुधारणा आढळली. केवळ मन रमविणाऱ्यांत ती तशी आढळली नाही. याचा अर्थ एवढाच घ्यावा की वृद्धाला नुसते गुंतवून ठेवणे पुरेसे नाही. त्याला काही तरी नवे, थोडे कठीण आणि स्वतः ठरविण्याजोगे हवे. सुईदोरा औषध नव्हे. पण उतारवयातही मन शिकते, हे त्याच्या साहाय्याने सिद्ध झाले.

आज परिस्थिती पालटली आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि शतकभरात कापड मुबलक व स्वस्त झाले. नऊवारी लुगडी नेसणाऱ्या पिढीबरोबर मऊ सुती कापडाचा साठाही सरत चालला. कृत्रिम धाग्याची साडी झिजत नाही, मऊ होत नाही आणि घाम शोषीत नाही. बाजारात रंगीत ब्लँकेट थोड्या पैशांत मिळते. घरातली माणसे प्रेमाने म्हणतात, ‘आजी, आता कशाला डोळे फोडून घेतेस? विकत आणू.’ हे बोलणे मायेचे असते, पण त्याने एक गोष्ट नकळत घडते. आजीच्या हातचे शेवटचे काम काढून घेतले जाते, आणि त्याच्या जागी विश्रांती या नावाची रिकामी दुपार तिच्या पुढ्यात ठेवली जाते. ज्या माणसाची कोणालाही गरज उरली नाही, त्याला विश्रांतीही गोड लागत नाही.

म्हणून वाकळ वाचविण्याचा प्रश्न हा केवळ एका कलेचा प्रश्न नाही, तो घरातल्या वृद्धांच्या स्थानाचा प्रश्न आहे. त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. सुती कपडे टाकून न देता धुऊन त्यांचे गाठोडे बांधून ठेवावे. खिडकीजवळची उजेडाची जागा आजीसाठी राखावी, आणि डोळे तपासून चष्मा बदलून आणावा. तयार वाकळ कपाटात न ठेवता अंगावर घ्यावी, कारण वापरलेल्या वस्तूइतका करणाऱ्याचा सन्मान दुसरा नाही. आणि वाकळ पुरी झाली, की कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, हे तिच्याशेजारी बसून एकदा विचारून वहीत उतरून घ्यावे. घराचा इतिहास सांगणारे ते माणूस आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे. विचारायला जाताना दोन-चार सुयांत दोरे ओवून न्यावेत, म्हणजे बोलणे लांबले तरी तिचा हात थांबणार नाही.